जाड भिंतीचा भरवसा

सोलापूर दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलंय, इथं कसला आलाय भूकंप, असं ठामपणे सांगणारे आजही भेटतात. किल्लारीही याच पाषाणावर आहे. भूकंपाच्या नकाशात ती तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथं सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. सोलापूरपासून हे ठिकाण सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आसपास आहे.

भूकंप मध्यम, मग एवढी माणसं का गेली? केंद्र उथळ होतं, लोक झोपेत होते, हे खरंच. पण खरा घात केला भिंतींनी. आपल्याकडची दोन-तीन फूट जाडीची दगडी भिंत बाहेरून अभेद्य वाटते. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या भिंती असतात, एक आतली आणि एक बाहेरची. मधल्या पोकळीत दगडगोटे आणि चिखल भरलेला असतो. जमीन आडवी हलली की हा भराव खाली बसत जातो आणि दोन्ही बाजूंना रेटा देतो, ज्वारीचं पोतं हलवून बसवताना ते फुगतं तसं. चिखलाला ताण सोसत नाही. प्रत्येक हेलकाव्याला भिंतीचं पोट आणखी सुटतं, कारण सरकलेला दगड मूळ जागी परत येत नाही. शेवटी भिंत उभी फाटते.

वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती असेल, तर तेवढीच सात टनांच्या आसपास भरते. जडत्वाचा नियम शाळेत शिकलोय: वस्तुमान जितकं जास्त, तितका भूकंपात आडवा रेटा जास्त.

यावरचा उपाय साधा आहे. भिंत बांधताना दोन्ही बाजू जोडणारे आरपार दगड घालायचे, उभ्यात दर दोन फुटांवर आणि आडव्यात दर चार फुटांवर. आधीच बांधलेल्या भिंतीतही हाताने दगड काढून आरपार भोक पाडता येतं. त्यात आकडा केलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. नवं घर असेल तर दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा हवाच.

‘अमावस्येला भूकंप होणार, बाहेर झोपा’ असले व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुढे पाठवू नका. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणारी पद्धत जगात कुणाकडेही नाही. आरसीसी इमारतीत धक्का जाणवला तर जिन्याकडे पळू नका, भक्कम टेबलाखाली बसून त्याचा पाय घट्ट धरा. जुन्या मातीच्या घरात टेबल तुम्हाला वाचवणार नाही. तिथं दार जवळ असेल तर लगेच मोकळ्या जागेत जा, पण बोळात भिंतीला चिकटून थांबू नका.

आणि गळती थांबवायला पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकणार असाल, तर आधी जुना थर खरवडून काढा. दरवर्षी थरावर थर चढवत गेलं की डोक्यावरचं ओझं वाढतच जातं.