मुलाने किती खाल्लं यापेक्षा ताटात काय वाढलं ते बघा

ऑफिसमधून दमून घरी आल्यावर कितीतरी आईवडिलांची उरलीसुरली ताकद एकाच गोष्टीवर खर्च होते, मुलाच्या पोटात चार घास घालणं. त्याने दोन घास खाऊन तोंड फिरवलं की जीव कासावीस होतो, मग विनवण्या, मग मोबाईल, मग रडारड, आणि शेवटी तो जे नक्की खातो तेच पुन्हा करून देणं. पण यातली निम्मी काळजी मुलाचं शरीर कसं चालतं ते माहीत नसल्यामुळे होते असं मला अगदी मनापासून वाटतं.

आधी साधं गणित बघा. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं, म्हणजे 3 किलोचं बाळ वर्षभरात 9 किलोच्या आसपास जातं, पण 2 ते 5 वर्षांच्या मधे वजन वर्षाला जेमतेम 2 किलो वाढतं. वाढीचा वेग एवढा कमी झाला तर भूक पण कमी होणारच ना, आणि नेमकं याच वयात आपण म्हणायला लागतो की आधी किती छान खायचा आणि आता काहीच खात नाही!

लीन बर्च नावाच्या अमेरिकन संशोधिकेने मुलांच्या खाण्यावर आयुष्यभर काम केलं. 1991 मधे तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2 ते 5 वर्षांच्या मुलांचं सहा दिवसांचं सगळं खाणं मोजलं. एकेका जेवणाचे आकडे बघितले तर नुसता गोंधळ, सकाळी भरपूर तर दुपारी जवळपास काहीच नाही, पण दिवसभराची बेरीज केली तर एकूण कॅलरी रोज बऱ्यापैकी सारख्याच. म्हणजे मूल आपला हिशोब बरोबर ठेवत असतं, फक्त आपण एकाच जेवणाकडे बघून घाबरतो.

पण हा हिशोब बिघडवता येतो, आणि बिघडवतो आपणच. 2000 मधल्या एका अभ्यासात 3 वर्षांच्या मुलांना जास्त वाढलं तरी ती पोट भरेल तेवढंच खात होती, 5 वर्षांची मात्र जास्त वाढलं की जास्त खात होती. ताटात आहे म्हणून खायचं हे मुलं हळूहळू शिकतात. जबरदस्तीचं तर आणखी वाईट. 2006 च्या एका प्रयोगात मुलांना दोन प्रकारचं सूप दिलं, एका सूपला 'संपव बरं' असा आग्रह आणि दुसऱ्याला काहीच नाही, तर ज्याचा आग्रह नव्हता तेच मुलांनी जास्त प्यायलं आणि आग्रहाच्या सूपला नावं ठेवली. 'भाजी खा मग चॉकलेट देते' यातही तीच गडबड आहे, मुलाला एवढंच कळतं की भाजी ही वाईट गोष्ट आहे आणि चॉकलेट हे बक्षीस.

आता नवीन पदार्थाला नाही म्हणण्याबद्दल. 2 ते 6 वर्षांच्या मुलांना अनोळखी खाण्याची भीती वाटणं अगदी नॉर्मल आहे, त्यात कडू चव मुलांना जन्मापासूनच नको असते आणि गोड हवी असते, त्यामुळे हिरव्या भाजीला वेळ लागणारच. बरेच पालक तीन-चार, फार तर पाच वेळा देऊन बघतात आणि 'त्याला आवडत नाही' म्हणून सोडून देतात, पण आवड तयार व्हायला बऱ्याचदा 8 ते 15 वेळा लागतात. आणि प्रत्येक वेळी मोठी वाटी भरून द्यायची गरज नाही, एक छोटा तुकडा पुरे, तो चाटून थुंकला तरी ओळख वाढलीच, म्हणून त्या दिवशी वाईट वाटून घेऊ नका. सोबत त्याच्या ओळखीचं काहीतरी असू द्या आणि तुम्ही स्वतः तीच भाजी त्याच्यासमोर खा.

धावपळीच्या घरात मला हे सगळ्यात सोपं वाटतं की सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक, काय आणि कधी द्यायचं ते मोठ्यांनी ठरवायचं आणि किती खायचं ते मुलाने. दोन खाण्यांमधे अडीच-तीन तास फक्त पाणी, कारण ज्यूस, बिस्किटं आणि सारखं दूध चालू असेल तर जेवायला भूक येणार कुठून. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर लोह कमी पडण्याची पण शक्यता वाढते. सुट्टीच्या दिवशी भाज्या उकडून आणि फळं धुवून ठेवली तर ऐनवेळी पॅकेट फोडावं लागत नाही (लहानग्यांना द्राक्षं उभी चिरूनच द्या आणि अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात). जेवताना स्क्रीन बंद, कारण लक्ष तिकडे असलं की पोट भरल्याचं मुलाला कळत नाही.

मूल दिवसभर आजीकडे किंवा पाळणाघरात असेल तर हे त्यांच्याशीही बोला, नाहीतर तिकडे आग्रह आणि इकडे मोकळीक असं होतं. आणि वजन वाढतच नसेल किंवा कमी होत असेल, गिळताना त्रास होत असेल, किंवा खायचे पदार्थ कमी कमी होत अगदी मोजकेच उरले असतील तर वाट बघत बसू नका, मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.