महिन्याचे नाव गेले, आकडा आला : तारखांच्या लेखनभेदाची पार्श्वभूमी

मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्याच्या तुरुंगात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आले. हीच तारीख १२/१/१९३१ अशी आकड्यांत लिहिली, तर सोलापूरकराला तिच्यात दुसरा अर्थ दिसत नाही; अमेरिकेतला वाचक मात्र ती १ डिसेंबर १९३१ अशी वाचेल, आणि त्याच्या देशाच्या रीतीने पाहता त्याचे काही चुकलेलेही नसेल. दिवसाचा आणि महिन्याचा असे दोन्ही आकडे बारा किंवा त्याहून कमी असले, की हा दुहेरी अर्थ निघतो. वर्षात असे १४४ दिवस येतात. त्यांतले १/१, २/२ असे जुळे बारा वगळले तरी १३२ दिवस, म्हणजे वर्षाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग, संशयाचा उरतो.

जगात आज मुख्यतः तीन रीती आहेत. भारत, ब्रिटन आणि युरोपचा बराचसा भाग दिवस आधी लिहितो, अमेरिका महिना आधी लिहिते, तर चीन, जपान, कोरिया आणि हंगेरी हे देश वर्षापासून आरंभ करतात. कॅनडात तिन्ही रीती एकाच वेळी नांदतात. या भेदांकडे एकेका देशाचा हेकटपणा म्हणून पाहिले जाते, पण इतिहास पाहता असे दिसते, की आकड्यांचा क्रम प्रत्येक ठिकाणी बोलण्याच्या क्रमातून आला आहे, आणि जोवर महिन्याचे नाव अक्षरांत लिहिले जात होते तोवर कोणता क्रम आहे याला फारसे महत्त्वच नव्हते.

लॅटिन दस्तऐवजांत अमुक दिवस, अमुक महिन्याचा, अमुक वर्षी, अशी शब्दयोजना असे; फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश या भाषांनी तीच उचलली. इंग्रजीत मात्र ‘जानेवारीची बारावी’ आणि ‘बारावी जानेवारीची’ असे दोन्ही प्रकार बोलले जात, आणि अठराव्या शतकातील इंग्रजी लेखनात दोन्ही आढळतात. अटलांटिकपलीकडच्या वसाहतींत त्यांतला महिना आधी घेणारा प्रकार रुजला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या शिरोभागी ‘जुलै ४, १७७६’ असेच लिहिलेले आहे. पुढे ब्रिटनमध्ये दिवस आधी लिहिण्याचा प्रकार स्थिरावला आणि अमेरिकेने जुना प्रकार सोडला नाही. गंमत अशी, की त्याच दिवसाच्या सणाला अमेरिकन माणूस आजही ‘फोर्थ ऑफ जुलै’ म्हणतो, आणि अमेरिकेचे लष्करही दिवस आधी लिहिते.

महिना आधी सांगण्याची ही रीत आपल्याला परकी वाटते, पण ती तशी वाटू नये. कृष्णजन्म आपण ‘श्रावण वद्य अष्टमी’ला मानतो, गणपती ‘भाद्रपद शुद्ध चतुर्थी’ला बसवतो; म्हणजे तिथी सांगताना मराठी माणूस आधी महिना, मग पक्ष, मग तिथी असाच क्रम लावतो. तोच माणूस इंग्रजी तारीख सांगताना ‘बारा जानेवारी’ म्हणतो आणि या उलटापालटीची त्याला जाणीवही होत नाही. मिती आणि तारीख हे दोन शब्द आपल्या भाषेत शेजारी शेजारी राहिले, पण त्यांच्यामागे दोन निरनिराळ्या मांडण्या आहेत. आजचा ‘दि. १२/१/१९३१’ हा नमुना इंग्रजी अमदानीतील कचेऱ्यांच्या कारभारातून आपल्याकडे रुळला.

वर्ष आधी लिहिण्याची रीत तर सोलापूर जिल्ह्यात दगडावर कोरलेली आहे. भीमा-सीनेच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथील संगमेश्वर मंदिरातला शिलालेख, जो आद्य मराठी शिलालेखांत गणला जातो, त्यात शके ९४० आणि कालयुक्त संवत्सर यांचा निर्देश आहे. शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार असा मोठ्याकडून लहानाकडे उतरत जाणारा क्रम पूजेच्या संकल्पात आजही म्हटला जातो. किंबहुना संकल्प त्याही मागे जाऊन कल्प आणि मन्वंतरापासून आरंभ करतो. सोलापूरहून प्रसिद्ध होणारे दाते पंचांग ज्यांच्या घरात आहे, त्यांना ही उतरंड नवी नाही.

नावे लिहिल्याने सगळाच घोळ मिटतो, असे मात्र नाही. आपली श्रावण वद्य अष्टमी उत्तर भारतात भाद्रपद कृष्ण अष्टमी होते, कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला; दिवस एकच, नाव वेगळे. खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या दिनदर्शिका सुधारणा समितीपुढे देशातील सुमारे तीस कालगणनांचा प्रश्न होता. तिच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ हा दिवस १ चैत्र १८७९ शक ठरवून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सुरू झाली. तिचा चैत्र दरवर्षी २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला लागतो, पण गुढीपाडव्याचा चैत्र चंद्रावर चालत असल्याने मागेपुढे सरकतो. परिणामी राजपत्रावरचा चैत्र आणि पंचांगातला चैत्र हे वेगळे महिने आहेत. सामान्य व्यवहारात ही दिनदर्शिका रुजली नाही, त्याचे एक कारण बहुधा हेच असावे.

तारखेतली तिरपी रेघसुद्धा पूर्वी निराळ्या कामाची होती. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ साली ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली, तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. त्याआधी इंग्लंडमध्ये आणि वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधील तारखांना १७३१/३२ असे जोडवर्ष लिहीत. छापील नमुने, चोपड्यांचे रकाने आणि पुढे संगणक यांनी महिन्याच्या नावाची जागा आकड्याला दिली, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखेच दिसणारे आकडे आले. पोलंडसारख्या देशांत महिना रोमन अंकांत लिहिण्याची रीत आहे, तर चिनी आणि जपानी लेखनात प्रत्येक आकड्यानंतर वर्ष, महिना, दिवस अशी चिन्हे येतात. तिथे घोटाळ्याला वाव नाही.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८८ साली आयएसओ ८६०१ हे मानक काढले आणि वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठरवला. तो निवडण्यात शहाणपण होते. वर्ष आधी लिहून त्यापुढे दिवस आणि मग महिना लिहिणारा समाज जवळपास नाहीच, त्यामुळे चार आकडी वर्ष पुढे आले की उरलेल्या दोन आकड्यांविषयी शंका राहत नाही. शिवाय अशा तारखा संगणकात निव्वळ आकड्यांच्या क्रमाने लावल्या तरी काळाच्या क्रमाने लागतात.

व्यवहारातला धोका मात्र अजून टिकून आहे. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतून टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या एखाद्या कारखानदाराच्या कागदावर माल रवाना करण्याची अखेरची मुदत ०५/०६ अशी असेल, तर ती ५ जून की ६ मे, यावर महिन्याचा फरक पडतो. अमेरिकी मांडणीवर ठेवलेल्या संगणकात भारतीय तारखांची यादी उघडली, तर ०५/०६ निमूटपणे ६ मे होते आणि २५/०६ तारीख म्हणून ओळखलीच जात नाही. यादीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग चुकतो आणि उरलेला बहुतेक अडून बसतो. पतपत्राखालील (म्हणजे ठरलेली कागदपत्रे दाखवल्यावर निर्यातदाराला पैसे देण्याच्या बँकेच्या हमीखालील) कागदपत्रे तपासण्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने बँकांना जी तपासणीची पद्धत घालून दिली, तिच्या २००७ च्या आवृत्तीत महिन्याचा आकडा न लिहिता नाव लिहावे, अशीच शिफारस आहे.

भारतीय पासपोर्टच्या एकाच पानावर जन्मतारीख वर दिवस आधी, तर तळाच्या यंत्रवाचनीय ओळींत वर्ष आधी छापलेली असते. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांचेही तसेच आहे : मथळ्याखाली ‘दिनांक’ दिवसापासून लिहिलेला असतो, आणि शेवटी दिलेला संगणक संकेतांक वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सुरू होतो.