किटवरची रेघ आणि काचपट्टीवरचा परजीवी

पाटणच्या डोंगरातली वाडी असो की वाळव्याच्या शिवारातल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या, थंडी वाजून ताप आलेल्या माणसाच्या बोटाला आशाताई टोचतात, तेव्हा निघालेल्या रक्ताचा एक थेंब प्लॅस्टिकच्या किटमध्ये जातो आणि दुसरा काचपट्टीवर पसरून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे रवाना होतो. हिवतापाच्या, म्हणजे मलेरियाच्या, या दोन तपासण्या म्हणजे एकाच गोष्टीची नवी आणि जुनी आवृत्ती, असा समज एवढा घट्ट बसला आहे की "किट आहे, मग पट्टी कशाला?" हा प्रश्न शिकलीसवरलेली माणसेही विचारतात.

किट कसे असते हे कोविडनंतर कोणाला सांगावे लागत नाही, म्हणून त्यातल्या खोडींपुरतेच बोलतो. निकाल पाकिटावर दिलेल्या वेळेत, बहुधा 15 ते 20 मिनिटांनी, वाचायचा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी किटचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकून "ताई, आता रेघ दिसायला लागली" म्हणण्यात काही अर्थ नाही. वेळेत उमटलेली रेघ फिकट असली तरी ती रेघच असते; "थोडासा मलेरिया" असा निकाल किट देत नाही. नियंत्रणाची रेघच उमटली नाही, तर ते किट बाद समजून दुसरे उघडावे.

एक तपासणी कोपीच्या दारात होते आणि दुसरीला रंगद्रव्य, सूक्ष्मदर्शक व तंत्रज्ञ लागतात, हे फरक उघड आहेत. काचपट्टीचा अहवाल 24 तासांत मिळण्यासारखा नसेल तेथे किट वापरावे, हा राष्ट्रीय कार्यक्रमातला नियम त्यातूनच आला.

खरी गफलत होते ती वेगळ्याच ठिकाणी. काचपट्टीवर परजीवी स्वतः दिसतो. आपल्याकडच्या आरोग्य केंद्रांत 1944 साली जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी तयार केलेल्या, जेएसबी या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रंगद्रव्याने पट्टी रंगवतात. मग तंत्रज्ञाला परजीवी व्हायवॅक्सचा की फाल्सिपेरमचा (हे हिवतापाचे दोन प्रकार), तो कोणत्या अवस्थेत आहे आणि रक्तात किती आहेत, हे सांगता येते. किटला यातले काहीही दिसत नाही. त्यावरच्या प्रतिपिंडांना परजीवीने रक्तात सोडलेले प्रथिन चिकटते आणि रेघ उमटते. सध्याच्या दुहेरी किटमध्ये फाल्सिपेरमसाठी एचआरपी-2 हे प्रथिन शोधतात, तर व्हायवॅक्ससाठी एलडीएच हे विकर (एन्झाइम). एलडीएच जिवंत परजीवीच तयार करतात, त्यामुळे ते मेले की काही दिवसांत ती रेघ नाहीशी होते. एचआरपी-2 मात्र परजीवी मेल्यानंतरही कित्येक आठवडे रक्तात रेंगाळते. चूल विझली तरी घरात धूर राहावा, तसा हा प्रकार आहे.

समजा, गळीत हंगामात आलेल्या एका मजुराला फाल्सिपेरम निघाला, त्याने तीन दिवसांचा एसीटीचा (आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषधांचा) पूर्ण उपचार घेतला आणि बारा दिवसांनी सर्दीपडशाने त्याला पुन्हा कणकण आली. टोळी तोवर दुसऱ्या गावच्या फडात गेलेली असते. तिथल्या आशाताई किट लावतात, फाल्सिपेरमची रेघ उमटते, आणि मुकादमापासून घरच्यांपर्यंत सगळे म्हणू लागतात की औषध लागू पडले नाही, किंवा किट खोटे आहे. दोन्ही आरोप चुकीचे असू शकतात: किटने रक्तात जे होते ते खरेच दाखवले, पण ते आजचे नव्हते. म्हणून उपचारानंतर रुग्ण बरा झाला की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा किट लावणे मला मुळीच मान्य नाही. तिथे काचपट्टीच हवी. उलट, पहिल्या दिवशी, कोपीत आणि संध्याकाळच्या वेळी किटच बरे, कारण फाल्सिपेरममध्ये उशीर जिवावर बेतू शकतो.

दुसऱ्या बाजूने, किटवर रेघ नाही म्हणजे हिवताप नाही, हेही धरून चालू नये. एका मायक्रोलिटर रक्तात साधारण 100 ते 200 परजीवी असले तर किट ते भरवशाने दाखवते. त्याहून कमी असतील तर चुकण्याची शक्यता वाढते. काचपट्टीही निर्दोष नसते: रंग नीट चढला नाही किंवा थकल्या डोळ्यांनी सूक्ष्मदर्शकाखालची शंभर क्षेत्रे न पाहताच हातावेगळी केली, तर तीही फसवते. आणि हिवतापाचे किट निगेटिव्ह आले म्हणून डेंग्यूची शंका मिटत नाही, एवढे तरी लोकांनी ध्यानात घ्यावे.

व्हायवॅक्सची भानगड निराळी आहे. त्याचे काही परजीवी यकृतात दडून बसतात आणि काही महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतात. म्हणूनच क्लोरोक्विन तीन दिवस, तर प्रायमाक्विन 14 दिवस घ्यायचे असते. हे 14 दिवस अर्धवट सोडणाऱ्याच्या किटवर पुन्हा उमटलेली रेघ जुनी राहिलेली नसते, खरीच असते. त्यामुळे किटचे पाकीट फोडण्याआधी "गेल्या दोन महिन्यांत हिवतापाच्या गोळ्या घेतल्या होत्या का, कोणत्या आणि किती दिवस?" हे विचारायला हवे. गावातल्या माणसाची नोंद उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये सापडेल. ऊसतोड मजुराची नोंद मात्र मागच्या तालुक्यातल्या रजिस्टरमध्ये राहिलेली असते, म्हणून उपचाराची तारीख आणि औषध लिहिलेली चिठ्ठी त्याच्याच हाती द्यावी.