विंडोज ११ वर जाताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून आमच्या सांगलीतल्या दुकानात रोज एक प्रश्न येतो, "आता कॉम्प्युटर बंद पडणार का?" बंद पडणार नाही. पण सुरक्षेच्या नव्या त्रुटी बुजवल्या जाणार नाहीत, आणि ज्या मशीनवर बँक, जीएसटी आणि टॅली चालते ते तसंच ठेवणं आम्हाला पटत नाही. घरगुती वापराच्या मशीनला नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट मिळतात. ती नोंदणी आम्ही करून देतो.

तुमचं मशीन चालेल का?

इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. रॅम किमान ४ जीबी आणि डिस्क ६४ जीबी लागते. आमच्या मते ८ जीबी रॅमखाली कामाला बसूच नये. टीपीएम २.० ही सुरक्षा चिपही लागते. बऱ्याच मशीनमध्ये ती असते, फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असते. "चालत नाही" असा मेसेज आला म्हणून लगेच नवीन मशीन घेऊ नका, आधी दाखवा. जुन्या मशीनवर आडवाटेने विंडोज ११ बसवायला मात्र आम्ही नाही म्हणतो. पुढचे अपडेट मिळतीलच याची खात्री देता येत नाही.

आधी विचारायचं राहून गेलं तेव्हा

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या) डॉसवरच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातल्या, फार जुन्या प्रोग्रॅममधून निघायच्या. तिथलं विंडोज १० हे ३२ बिटचं होतं, म्हणून तो चालत होता. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि त्यावर असे १६ बिटचे प्रोग्रॅम उघडतच नाहीत. आम्ही नवीन डिस्क टाकून विंडोज ११ चढवलं. सगळं छान दिसत होतं. दुसऱ्या दिवशी हळदीचे सौदे झाले, शेतकरी पट्टीसाठी थांबले आणि प्रोग्रॅम उघडेना. चूक आमची होती, पट्टी कशातून निघते हे आम्ही विचारलंच नव्हतं. जुनी डिस्क काढून जपून ठेवली होती, ती परत जोडली आणि संध्याकाळपर्यंत पट्ट्या निघाल्या. पुढे तोच प्रोग्रॅम डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बसवला आणि डॉट मॅट्रिक्सवर कागद नीट सरकेपर्यंत तिथून उठलो नाही.

तेव्हापासून आमचा नियम: स्क्रीन आली म्हणजे काम झालं असं नाही, तुमचं बिल छापून निघालं की झालं.

मध्येच अडकलं तर

टक्केवारी एका आकड्यावर तासभर थांबू शकते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर बटण दाबून बंद करू नका, आम्हाला फोन करा. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो आणि छोटा यूपीएस काही मिनिटंच टिकतो, म्हणून मशीन आमच्याकडे आणलेलं बरं.

निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी 'की', म्हणजे किल्ली, मागितली तर घाबरू नका आणि अंदाजाने आकडेही टाकू नका. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. त्या अकाउंटचा ईमेल आणि पासवर्ड घरात कोणाकडे आहे ते आजच शोधून ठेवा. ही किल्ली नसेल तर तो डेटा आम्हालाही उघडता येत नाही, म्हणून हे एवढं बजावून सांगतोय.

मराठी पत्रं उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर मजकूर गेलेला नसतो. श्रीलिपी, कृतिदेव असा जुना फॉन्ट नव्या विंडोजमध्ये नसतो, एवढंच. तो टाकला की अक्षरं परत दिसतात. फाईल त्याच अवस्थेत दुरुस्त करून सेव्ह मात्र करू नका.

नवीन विंडोज जमलंच नाही तर साधारण १० दिवसांत सेटिंगमधूनच मागे जाता येतं. तोवर जागा मोकळी करायच्या नादात 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर पुसू नका.

येताना

टॅलीचा डेटा आणि घरचे फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि त्यातली एखादी फाईल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. जमत नसेल तर ते आम्ही तुमच्यासमोर करू. डिजिटल सहीचं टोकन, सॉफ्टवेअरचं डोंगल आणि लॅपटॉपचा चार्जर बरोबर आणा. प्रिंटर उचलून आणणं अवघड असेल तर त्याचं मॉडेल मोबाईलवर फोटो काढून आणा, छपाई आम्ही तुमच्या दुकानात येऊन बघू.