‘पेट्रोडॉलर करार संपला’ ही थाप आहे
सौदी आणि अमेरिकेतला 50 वर्षांचा पेट्रोडॉलर करार (म्हणजे सौदीने तेल फक्त डॉलरमध्येच विकायचं) 9 जून 2024 ला संपला, आता डॉलर गडगडणार, हा मेसेज अजून फिरतोय. अमेरिकेची दादागिरी मलाही खुपते, म्हणून तर खोट्या बातमीवर टाळ्या पिटणं मनाला जास्त लागतं.

मुळात असा करारच नव्हता. 8 जून 1974 ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर आणि सौदीचे राजपुत्र फाहद यांनी सह्या केल्या त्या आर्थिक सहकार्याच्या संयुक्त आयोगासाठी. तेल फक्त डॉलरमध्येच विकायचं, अशी अट त्यात नाही. डॉलर चालतो तो सोयीपोटी. शिवाय 1986 पासून सौदीचं चलन रियाल डॉलरलाच बांधलेला आहे: 3.75 रियालला एक डॉलर. रियाधहून घरी पैसे धाडणाऱ्या आपल्या माणसांना विचारा. 9 जूननंतरही तो दर तोच राहिला.