सोऱ्यावर वसलेलं हंबरस्टोन

चिलीच्या उत्तर टोकाकडे, इकीके बंदरापासून साधारण ४८ किलोमीटर आत, अटाकामाच्या वाळवंटात हंबरस्टोन उभं आहे. नाट्यगृह, शाळा, चर्च, बाजार, पोहण्याचा तलाव, कामगारांच्या घरांच्या लांबच लांब रांगा, सगळं जागच्या जागी आहे. वस्ती मात्र १९६० मध्येच उठली. जिथे प्यायला पाणी नाही तिथे एवढं गाव कुणी आणि कशासाठी वसवलं, हे कळायला आधी तिथली जमीन समजून घ्यावी लागते.

अटाकामात पाऊस जवळजवळ पडतच नाही. सोडियम नायट्रेट, म्हणजे चिलीचा सोरा, पाण्यात चटकन विरघळतो; थोडाफार पाऊस असता तर तो केव्हाच वाहून गेला असता. इथे तो ‘कालीचे’ नावाच्या टणक थरात साठून राहिला. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शेतांना खत हवं होतं आणि सैन्यांना स्फोटकं. दोन्हींसाठी नायट्रेट लागे.

तेव्हा हा तारापाका प्रांत पेरूचा होता आणि त्याच्या दक्षिणेचा अँटोफागास्टाचा किनारा बोलिव्हियाचा. १८७८ मध्ये बोलिव्हियाने तिथल्या चिलियन कंपनीच्या सोऱ्यावर क्विंटलमागे १० सेंटाव्होंचा कर लावला आणि त्या वादातून पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं. पेरू बोलिव्हियाच्या बाजूने त्यात उतरला, पण चिलीने ते जिंकलं. पेरूने तारापाका गमावला, बोलिव्हियाने आपला सगळा समुद्रकिनारा. १९०० च्या आसपास चिली सरकारचं सुमारे निम्मं उत्पन्न एकट्या सोऱ्याच्या निर्यातकरातून येत होतं.

हंबरस्टोनचं मूळ नाव ला पाल्मा. पेरूच्या काळातच सुरू झालेला हा कारखाना. अशा कारखान्याला तिथे ‘ओफिसिना’ म्हणत, आणि त्या शब्दात खाण, भट्ट्या, घरं, दुकान असं सगळंच येई. सुरुंगाने कालीचे फोडायचा, खेचरांच्या गाड्यांनी आणायचा, भरडायचा, वाफेने तापवलेल्या टाक्यांत उकळायचा आणि मग ते पाणी उथळ हौदांत निववून सोऱ्याचे खडे धरू द्यायचे. टाक्यांची ही शँक्स पद्धत ब्रिटिश अभियंता जेम्स हंबरस्टोन यांनी १८७० च्या दशकात सोऱ्यासाठी वापरात आणली. तिच्यामुळे कमी इंधनात जास्त माल निघू लागला.

चिली, पेरू आणि बोलिव्हियातून आलेली माणसं या सपाट, उजाड पाम्पावर राबली आणि ‘पाम्पिनो’ म्हणून ओळखली जाऊ लागली. घर कंपनीचं, पाणी कंपनीचं, किराणाही कंपनीच्याच दुकानातला. पैसासुद्धा कंपनीचाच! मजुरी ‘फिचा’ नावाच्या बिल्ल्यांत मिळे. ते त्याच ओफिसिनाच्या दुकानात चालत. बाहेर वटवायचे तर किमतीत घट सोसावी लागे. गाव सोडून जायचं म्हटलं तरी गाठीला असते ते हेच बिल्ले. या माणसांचं दुखणं मला पगाराच्या आकड्यापेक्षा इथे जास्त दिसतं.

डिसेंबर १९०७ मध्ये हजारो पाम्पिनो संप करून बायकामुलांसह इकीकेला उतरले. बिल्ले पूर्ण किमतीला वटवले जावेत, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. त्यांना सान्ता मारिया शाळेत उतरवण्यात आलं होतं. २१ डिसेंबरला जनरल रोबेर्तो सिल्वा रेनार्द यांच्या हुकुमाने सैन्याने त्या शाळेवर गोळीबार केला. मृतांचा आकडा आजही वादात आहे; दोन हजारांहून जास्त माणसं मेली असं अनेक जण मानतात.

सोऱ्याचा शेवट मात्र दूर जर्मनीत ठरत होता. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला; त्यापासून खत आणि स्फोटकं सोऱ्याविना बनवता येत. १९१३ मध्ये ओपाऊला त्याचा कारखाना सुरू झाला. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे जर्मनीला चिलीचा सोरा मिळेनासा झाला आणि हे तंत्र झपाट्याने वाढलं. त्यात १९२९ ची मंदी आली. एकामागून एक ओफिसिना बंद पडल्या. ला पाल्माच्याही भट्ट्या विझल्या.

१९३४ मध्ये कोसातान ही नवी कंपनी आली. तिने कारखान्याची डागडुजी केली आणि त्याला त्या अभियंत्याचं, हंबरस्टोन यांचं, नाव दिलं. लाकडी नाट्यगृह, हॉटेल, चौक, लोखंडी पत्र्यांचा पोहण्याचा तलाव असं आज लोक कौतुकाने बघतात ते बरंचसं या काळातलं आहे. धंद्याचे सुगीचे दिवस सरल्यावर गावाचं रूप खुललं, ही गोष्ट मला फार लागते. १९४० च्या सुमारास तिथे तीन हजारांहून जास्त माणसं राहत होती. पण कारखाना जुन्या शँक्स पद्धतीवरच चालत होता, आणि दक्षिणेला मारिया एलेना या ओफिसिनात १९२६ पासून गुगेनहाइम पद्धतीने हलक्या प्रतीच्या कालीचेतूनही स्वस्तात सोरा निघत होता. १९५८ मध्ये कोसातान संपली आणि दोन वर्षांत गाव रिकामं झालं. कंपनी गेल्यावर तिथे राहायला दुसरं काहीच कारण नव्हतं.

१९७० मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषणा झाली, तरी पत्रे, लाकूड आणि यंत्रांची चोरी बरीच वर्षं चालू राहिली. २००५ मध्ये युनेस्कोने शेजारच्या सान्ता लाउरा या ओफिसिनासह हंबरस्टोनला जागतिक वारशात घेतलं आणि त्याच वेळी धोक्यातल्या वारशांच्या यादीतही टाकलं. भिंती दुरुस्त झाल्या, राखण बसली आणि २०१९ मध्ये त्या यादीतून नाव निघालं. दर नोव्हेंबरमध्ये सोरा सप्ताह भरतो. तेव्हा जुने पाम्पिनो आणि त्यांची मुलं-नातवंडं इथे येतात आणि त्या चौकात पुन्हा बँड वाजतो.