लष्करी वैमानिक व्हायचंय? फॉर्म उघडण्याआधी हे बघा

ठाण्यात कोलशेतला हवाई दलाचं केंद्र आहे, त्यामुळे पालक आधी तिथेच चौकशीला जातात. पायलटच्या भरतीचा फॉर्म तिथे गेटवर मिळत नाही. अर्ज ऑनलाइनच भरायचा, आणि तोही कोणत्या मार्गाने जायचं हे ठरवून.

दोन गैरसमज आधीच काढून टाकू. अग्निवीरवायू ही हवाई दलातली चार वर्षांची भरती अधिकारी पदाची नाही, त्यातून थेट वैमानिक होता येत नाही. लष्करात विमान उडवणारा हा अधिकारी असतो: हवाई दलात फ्लाइंग ऑफिसर, नौदलात सब-लेफ्टनंट, भूदलात लेफ्टनंट, इथून सुरुवात. दुसरं, त्यासाठी आधी फ्लाइंग क्लबात लाखो रुपये भरून कमर्शियल लायसन्स काढावं लागत नाही. उडायला सरकार शिकवतं, आणि प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षात महिना ५६,१०० रुपये स्टायपेंडही देतं.

खरी कात्री लागते ती अकरावीच्या प्रवेशाला. बारावीला फिजिक्स आणि गणित नसेल तर हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचचा रस्ता जवळपास बंदच; इंजिनीअरिंगची पदवी असेल तरच पुढे मार्ग निघतो. एनडीएतून (खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) हवाई दल किंवा नौदल हवं असेल तर केमिस्ट्रीही लागते. ‘मेडिकलचं बघू’ म्हणून गणित सोडलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. बारावीनंतर ती एनडीएची माहिती विचारायला येतात तेव्हा सांगायला जीभ रेटत नाही.

बारावीनंतरचा मार्ग म्हणजे एनडीए. यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते, अलीकडे साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, उमेदवार अविवाहित. बारावीला बसलेलेही अर्ज करू शकतात. गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची, आणि पुढे एसएसबी, म्हणजे निवड मंडळापुढची अनेक दिवसांची मुलाखत, ९०० गुणांची. म्हणजे निम्मे गुण मुलाखतीचे आहेत, हे क्लासवाले जरा हळू आवाजात सांगतात. मुलींना २०२१ पासून ही परीक्षा देता येते, पण जागा फार कमी: २०२५ च्या पहिल्या परीक्षेत हवाई दलाच्या फ्लाइंगच्या ९२ जागांपैकी मुलींसाठी २ होत्या. निवड झाली की तीन वर्षं खडकवासला आणि मग हैदराबादजवळ दुंडिगलची हवाई दल अकादमी. फॉर्ममध्ये सेवांचा पसंतीक्रम विचारतात, तो घाईत भरू नका.

पदवीनंतर दोन परीक्षा आहेत. यूपीएससीच्या सीडीएसमधून (संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा) हवाई दल अकादमीत गेलात तर कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी. हवाई दलाची स्वतःची एएफकॅट दिलीत तर फ्लाइंगला १४ वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन. ते मुलामुलींना दोघांनाही खुलं. एएफकॅटचे अर्ज साधारण जून आणि डिसेंबरमध्ये निघतात. पदवी कोणतीही चालते, अगदी बी.कॉम.सुद्धा, पण ६० टक्के हवेत आणि बारावीला फिजिक्स-गणितात प्रत्येकी ५० टक्के. १०० प्रश्न, ३०० गुण, दोन तास. चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. एनसीसी एअर विंगचं ‘सी’ सर्टिफिकेट असेल तर लेखी न देता थेट एसएसबीचा मार्ग आहे. कॉलेजात एनसीसी असेल तर पहिल्याच वर्षी चौकशी करा.

वयाची मेख इथे आहे. फ्लाइंगसाठी २० ते २४ वर्षं ही मोजणी अर्जाच्या दिवशीची नसते, कोर्स सुरू होतानाची असते. वर्षातल्या पहिल्या एएफकॅटचा कोर्स पुढच्या जानेवारीत, दुसरीचा पुढच्या जुलैत. आज साडेतेवीसचा असलेला मुलगा कोर्सच्या तारखेला बाद झालेला असतो. डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) चालू कमर्शियल लायसन्स असेल तर मर्यादा २६.

नौदलाचे पायलट इंजिनीअरिंगनंतर शॉर्ट सर्व्हिसने घेतात. प्रशिक्षण आधी केरळात एळिमला इथे. भूदलाची गोष्ट वेगळी: आधी अधिकारी व्हायचं, मग आर्मी एव्हिएशनसाठी अर्ज. हेलिकॉप्टरचं त्यांचं प्रशिक्षण आपल्या नाशिकरोडजवळ चालतं.

आता कागदपत्रं. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर आडनाव शेवटी. कुठे ‘सुरेश’मध्ये एक अक्षर जास्त, कुठे आईचं नाव माहेरचं. अर्जात नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहा. जन्मदाखला किंवा आधार त्याच्या जागी चालत नाही. आधारमधली चूक अर्ज निघण्याआधीच दुरुस्त करून घ्या. एसएसबीला दहावी-बारावीची मूळ मार्कशीट आणि प्रमाणपत्रं, पदवीची सगळ्या सेमिस्टरची मार्कशीट, आणि शेवटच्या वर्षाला असाल तर प्राचार्यांचं पत्र लागतं. डोमिसाइल आणि जातीच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात रांग लावायची गरज नाही: अधिकारी भरतीत आरक्षण नसतं. जातीच्या दाखल्याचा उपयोग यूपीएससीच्या फीपुरता, अनुसूचित जाती-जमातींना ती माफ आहे आणि मुलींनाही. बाकीच्यांना एनडीएचे १००, सीडीएसचे २०० रुपये. एएफकॅटचे ५५० रुपये आणि वर जीएसटी.

लेखी निघाली की हवाई दलाच्या निवड मंडळाचं बोलावणं येतं, डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणी. पाच-सहा दिवसांचा मुक्काम धरा. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि बरेच जण संध्याकाळच्या गाडीने परततात. पहिल्यांदाच जात असाल तर थर्ड एसीचं भाडं परत मिळतं, तिकीट आणि पासबुकाची झेरॉक्स जपा.

मुलाखतीत निवडलेल्यांची सीपीएसएस नावाची संगणकीय चाचणी होते. हात, पाय, डोळे, कान एकदम चालतात की नाही ते तिथे बघतात. ही चाचणी आयुष्यात एकदाच. नापास झालात तर फ्लाइंग कायमचं संपलं, मग मार्ग कोणताही असो. ग्राउंड ड्यूटी, म्हणजे जमिनीवरची पदं, तेवढी उरतात. आधी ‘सहज अनुभव म्हणून’ एसएसबीला जाऊन या, असा सल्ला जो देतो त्याला हे माहीत नसतं.

वैद्यकीय तपासणीची निम्मी परीक्षा घरीच घेता येते. उंची किमान १६२.५ सेंमी, मुलींनाही तीच. भिंतीला पाठ टेकून जमिनीवर ताठ बसा. जमिनीपासून डोक्यापर्यंत ८१.५ ते ९६ सेंमी हवं. पाय समोर सरळ पसरून भिंतीपासून टाचेपर्यंत ९९ ते १२०, आणि भिंतीला टेकलेल्या स्टुलावर बसून, गुडघा काटकोनात वाकवून, भिंतीपासून गुडघ्यापर्यंत ६४ च्या आत. कॉकपिट ठरावीक मापाचा असतो, म्हणून ही मापं. आमच्या शेजारच्या ताईंनी शिवणाची टेप घेऊन मुलाला हॉलमध्ये असं बसवलं, तर मांडी दीड सेंमी जास्त भरली. पुन्हा मोजलं, तेवढीच. त्याने मग ग्राउंड ड्यूटीचा पर्याय टिक केला. रंगांधळेपणा अजिबात चालत नाही. एनडीएमार्गे लेसिक (चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन) केलेले डोळे चालत नाहीत. पदवीनंतरच्या भरतीत विशीनंतर केलेलं लेसिक काही अटींवर चालतं, तेव्हा ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी जाहिरातीतलं परिशिष्ट वाचा.

एनडीए किंवा सीडीएसची लेखी पास झालात तर नाशिकरोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एसएसबीची तयारी, राहणं, जेवण सगळं मोफत. त्यासाठीची मुलाखत ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. जाताना लेखी निकालाची प्रिंट आणि वर सांगितलेली मूळ कागदपत्रं सोबत ठेवा.